लेखनिक पाहिजे, शिक्षण कमी असावे

१२ जानेवारी

आजपासून रोज एक पान लिहायचं आहे. ही कल्पना माझी नाही. सरोजिनीताई म्हणाल्या, "एका जागी बसायची सवय लागेल तुला. आणि खरं लिही. मी काही वाचणार नाहीये." ताईंना दिसत नाही. यावर हसायचं की नाही ते मला कळेना, तेवढ्यात त्याच हसल्या.

परवा बुधवार पेठेत चार्जर बदलून घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, अर्ध्या तासाने या. अर्धा तास हातात आला की माझे पाय कुठे जातील ते मलाही माहीत नसतं. पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत शिरलो, तर एका इमारतीच्या जिन्याशी पुठ्ठा लटकवलेला: "लेखनिक पाहिजे. शिक्षण कमी असावे. अक्कल आम्ही तपासून घेऊ. चौकशीसाठी म्हणून वर येऊ नये, काम करायचे असल्यासच यावे."

शिक्षण कमी असावे! आजवर मला प्रत्येक ठिकाणाहून ज्या कारणासाठी परत पाठवलं, तेच इथे मागत होते. वर गेलो.

दार ताईंच्या वडिलांनी, यज्ञेश्वरकाकांनी उघडलं. किती शिकलात, विचारलं. म्हटलं बारावी, पुढे एफवायला नाव घातलं होतं पण सोडलं. "उत्तम," काका म्हणाले, "चिकाटी नसल्याचा फायदा होणारा पहिला माणूस पाहतोय." मग आतून ताईंनी बोलावलं.

मामला असा आहे. ताई शिवाजीनगर कोर्टात वकिली करतात. काही वर्षांपूर्वी डोळ्यांचा आजार झाला आणि नजर हळूहळू गेली. तेव्हापासून त्या ज्यांच्या हाताखाली काम करतात ते साहेब त्यांच्याकडून सगळे अर्ज, जबाब, मुद्दे तयार करून घेतात, पण कोर्टापुढे स्वतः उभे राहतात. ताई मागच्या बाकावर बसून आपलेच मुद्दे साहेबांच्या तोंडून ऐकतात. सरकारी वकिलाची परीक्षा पास झाल्या तर स्वतः उभ्या राहणार. वयाच्या अटीमुळे ही शेवटची वेळ. परीक्षेत कोणीतरी प्रश्न वाचून दाखवायचा, त्या उत्तर सांगणार, त्याने गोल काळा करायचा. तो माणूस म्हणजे लेखनिक. लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा असा नियम आहे, म्हणजे तो उत्तरं सांगणार नाही.

म्हटलं, मी काय सांगणार? मला अजून दिवाणी आणि फौजदारी यातला फरकसुद्धा माहीत नाही.

"मग तू योग्य माणूस आहेस," ताई म्हणाल्या.

चार्जर दुकानातच राहिला.

१५ जानेवारी

आज कायद्याचं पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं. ताईंचा फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो, इतक्या वेगात की मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण परीक्षेत फोन चालत नाही, म्हणून त्यांना माझ्या आवाजाची सवय हवी. साक्ष अधिनियमाचं पंचावन्नावं कलम आलं आणि मी थांबलो. त्यात म्हटलंय, जी गोष्ट दिसण्यासारखी आहे ती ज्याने पाहिली त्यानेच सांगायची. ऐकण्यासारखी असेल ती ज्याने ऐकली त्याने.

म्हटलं, ताई, असं केलं तर आमच्या लोणी काळभोरात कोणाला तोंड उघडताच येणार नाही. आमच्याकडे एकाने पाहायचं आणि सगळ्यांनी सांगायचं अशीच पद्धत आहे.

ताई खूप हसल्या. मग म्हणाल्या, आता याच नियमाने माझ्याशी बोलायचं. काहीही सांगितलंस की मी विचारणार, पाहिलंस की ऐकलंस?

काल संक्रांत झाली म्हणून काकांनी तिळगूळ दिला आणि गोड वाचा म्हणाले.

२३ जानेवारी

हडपसरला मावशीकडे राहतो. ती भाजी मंडईत बसते. आज गाडीतळाच्या स्टॉपवर उभा होतो. शेजारी एक बाई फोनवर बोलत होत्या. बाइक आली, मागच्या पोराने हात घातला आणि मोबाइल ओढून घेतला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत. आणि नेमकं तेव्हाच पलीकडून एक माणूस स्कूटरवर पायाशी बोकड उभा करून आला. बोकडाला चक्क हेल्मेट घातलं होतं! मी तिकडे पाहत राहिलो. मान वळवली तोवर बाइक गेलेली, बाई रस्त्यात बसलेल्या आणि भोवती गर्दी.

ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी अर्धा तास उलटतपासणी घेतली. बाइकचा रंग? काळा. नंबर? पाहिला नाही. ओढल्यावर पुढे काय झालं? लोक म्हणत होते, बाईंनी त्याचा शर्ट धरला आणि त्याने...

"लोक काय म्हणत होते ते सोड. तू कुठे पाहत होतास?"

"बोकडाकडे."

"हेल्मेट कुठल्या कंपनीचं होतं?"

तेही सांगितलं. काका आतून म्हणाले, फिर्यादी पक्षाला असा एक साक्षीदार मिळाला की खटला संपला.

मी विचारलं, मग याला कलम कुठलं? ताई म्हणाल्या, तू पाहिलंस तेवढ्यावर तीनशे चार, हिसकावणे. हे कलम नव्या न्यायसंहितेत आलंय, आधीच्या कायद्यात नव्हतं. मला इतकं भारी वाटलं. म्हणजे हा गुन्हा माझ्यासमोर झाला आणि त्याचं कलमही माझ्याहून लहान. जुने वकील आणि मी, दोघांनाही ते सारखंच नवीन. ताईंचं सगळं पाठांतर जुन्या आकड्यांचं आहे. त्या अजून खुनाला तीनशे दोनच म्हणतात आणि मग जीभ चावून एकशे तीन म्हणतात. मला एकशे तीनच माहीत, कारण मी आधी काहीच शिकलो नव्हतो.

५ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. कोर्टात जातोय. ताईंनी नाही सांगितलं, मीच जातो. कोणीही मागे जाऊन बसू शकतो हे मला माहीतच नव्हतं! सिनेमापेक्षा संथ, पण यात पुढे काय होणार ते कोणालाच माहीत नसतं. एक साक्षीदार दुसऱ्याने पढवलेलं सांगत होता. मला लगेच कळलं. तो प्रत्येक वाक्याआधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा.

मावशी म्हणाली, "काय रं, वकील झालास व्हय? काल झोपंत कलमं बडबडत हुतास." मंडईतून येताना फुटपाथवरच्या ढिगातून एक वापरलेलं पुस्तक घेतलं, फक्त न्यायसंहितेचं. बसमध्ये वाचतो. सध्या चोरीच्या प्रकरणात आहे. तीनशे तीन, तीनशे चार पाठ झालं. तीनशे आठवर गाडी अडली आहे. 'बलाद्ग्रहण' असा शब्द आहे, म्हणजे धमकावून उकळणं. असा शब्द कोणी बनवला असेल तर शिक्षा त्यालाच व्हायला हवी.

११ फेब्रुवारी

ताईंचे सराव पेपर एकदम चांगले जाऊ लागलेत. पहिल्या आठवड्यात काठावर असायच्या, आता एकेका पेपरात बोटावर मोजण्याइतक्या चुका. मलाही मजा येते. प्रश्न वाचतानाच मला कळतं, उत्तर कुठलं. ताईही बरोबर तेच सांगतात. आमची जोडी जमली आहे. त्या डोळे मिटून, मान माझ्याकडे थोडी झुकवून ऐकतात. मी वाचलं की लगेच उत्तर. विचारसुद्धा करावा लागत नाही.

काका आज बराच वेळ दारात उभे राहून ऐकत होते. काही बोलले नाहीत. काका बोलले नाहीत म्हणजे काय ते मला माहीत नाही, कारण असं आधी कधी झालं नव्हतं.

२० फेब्रुवारी

काल शिवजयंतीच्या मिरवणुकीत ढोल पथकाच्या मागे मागे कुठल्या कुठे गेलो. एका पोराने ढोलाची दोरी कशी ताणतात ते दाखवलं. ताईंकडे जायचंच राहिलं. आज गेलो तर कळलं, काल पेपर काकांनी वाचला. ताईंच्या खूप चुका झाल्या, पहिल्या आठवड्याएवढ्या.

मी काकांना म्हटलं, तुम्ही फार भरभर वाचत असाल. काका म्हणाले, "मी एकतीस वर्षं कचेरीत आवक-जावक वाचली आहे. मला भाव घालून वाचता येत नाही." आणि ताईंकडे पाहिलं. ताई काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत होत्या.

मला वाटतं काकांच्या आवाजाची त्यांना सवय नाही.

२१ फेब्रुवारी

आज ताईंनी पेपर काढलाच नाही. समोर बसवलं. म्हणाल्या, एक प्रश्न वाच, आधी मनात नीट आणि मग मोठ्याने, पण चारही पर्यायांत भलतेच शब्द घालून. वाचला. चार पर्यायांत मी आंबा, चिंच, आवळा, पेरू घातलं.

"आवळा," ताई म्हणाल्या. पर्याय तीन. बरोबर होतं.

पुन्हा दुसरा प्रश्न. पुन्हा बरोबर.

आधी वाटलं जादू आहे. मग त्यांनी सांगितलं. बरोबर पर्याय आला की माझा आवाज किंचित खाली बसतो. पायरी संपून ओटा लागल्यासारखा टेकतो, असं म्हणाल्या. चुकीचे पर्याय मी पळवतो. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी हे उत्तर फळ्यावर लिहिण्यासारखंच आहे.

म्हणजे ते मार्क ताईंचे नव्हते. माझे पण नव्हते. कोणाचे होते?

म्हटलं, तुम्हाला कधी कळलं? त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाल्या, "मार्क चढायला लागले त्या दिवशीच. मी थांबवायला हवं होतं. पण इतक्या दिवसांनी सगळं येतंय असं वाटत होतं, अवधूत. ते सुटेना." आणि पुढे म्हणाल्या, उद्या कोर्टात उभी राहून एखाद्याला फसवणुकीची शिक्षा मागायची, आणि ती खुर्चीच अशी मिळवलेली?

मी म्हटलं, मी जातो, दुसरा बघा. काका म्हणाले, अर्जात तुमचं नाव गेलंय, बदलायला वेळ आहे, पण बाहेर पाटी महिनाभर लटकत होती तरी तुमच्याशिवाय कमी शिकलेलं कोणी भेटलं नाही. सगळे पदवीधर येतात.

शेवटी ठरलं. मी राहायचं. पण परीक्षेपर्यंत माझा कायदा बंद. कोर्टात जायचं नाही, पुस्तक वाचायचं नाही. पुस्तक काकांनी कपाटात ठेवलं. तीनशे आठवर पान दुमडून ठेवलेलं तसंच. मला आजवर कोणी अभ्यास करू नको म्हणून सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितलं तर किती वाईट वाटावं!

२५ फेब्रुवारी

कळलेलं परत न कळल्यासारखं वाचायचं कसं, हा प्रश्न. दगडासारखं वाचून पाहिलं. ताई म्हणाल्या, आता तू बरोबर पर्यायाला जास्तच दगड होतोस.

आज बसमध्ये उपाय सापडला. बसमधली ती बाई बोलते ना, रेकॉर्ड केलेली. पुढील थांबा अमुक. तिला कुठल्याच थांब्याचं कौतुक नसतं. मी शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो, तसाच परत आलो, मग पुन्हा गेलो. कंडक्टर म्हणाला, राहायला आला का इथं? मी तिचा सूर उचलला. कुठल्याच शब्दावर चढायचं नाही, उतरायचं नाही.

ताईंकडे जाऊन वाचलं. "पुढील पर्याय, दोन. खून. पुढील पर्याय, तीन. सदोष मनुष्यवध." काका हसून हसून खाली बसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. पाहिलं, ऐकलं नाही, म्हणजे दोन्ही.

ताईंच्या चुका पुष्कळ झाल्या. पण त्या चुका त्यांच्या होत्या. त्यांनी एकेक चूक फोनवर पुन्हा ऐकली, मी बाहेर गॅलरीत बसलो. समोरच्या दुकानात एक माणूस जुने रेडिओ दुरुस्त करतो. त्याच्याकडे बघत बसलो. आतलं ऐकू येऊ नये म्हणून कानात बोटं घातली होती.

९ मार्च

काल रंगपंचमी. एकाने पिशवीतून अख्खा निळा माझ्यावर ओतला. ताईंना सांगितलं, कान अजून निळे आहेत. त्या म्हणाल्या, "मला काय, कोणी सांगेल तसं." मग थोड्या वेळाने विचारलं, निळा म्हणजे कसला निळा? मला सांगता येईना. शेवटी म्हटलं, शाईच्या बाटलीचा. त्या म्हणाल्या, हां, दिसला.

मार्क पुन्हा हळूहळू चढतायत. काठावर आहेत. त्या उत्तराआधी आता थांबतात. मला ते थांबणं आवडतं. त्या वेळात बसबाई काही बोलत नाही.

१५ मार्च

परीक्षा झाली.

वेगळी खोली, आम्ही दोघं आणि एक निरीक्षक बाई. त्यांनी आधीच सांगितलं, फक्त वाचायचं, फक्त सांगतील तेवढंच भरायचं. मी म्हटलं, हो. पहिले काही प्रश्न वाचले आणि मग बसबाई अंगात आली. पुढे सगळं ठीक.

मग तो प्रश्न आला. एक इसम दुचाकीवरून येऊन बाईच्या हातातला मोबाइल हिसकावतो. बाई त्याचा शर्ट धरते. सुटून पळण्यासाठी तो तिला कोपर मारतो, तिचा दात पडतो, तो मोबाइल घेऊन जातो. गुन्हा कोणता? पर्याय एक, चोरी. दोन, हिसकावणे. तीन, बलाद्ग्रहण. चार, जबरी चोरी.

माझ्या डोळ्यांसमोर गाडीतळ उभं राहिलं. अरे, हा तर माझा प्रश्न! तीनशे चार! अख्ख्या पेपरात एकच, जो मी स्वतः पाहिलाय. तरी सूर हलू दिला नाही, शप्पथ.

"चार," ताई म्हणाल्या.

चार! ताईंना नवं कलम आठवलं नाही. पेन हातात धरून मी बसलो. चुकीच्या उत्तराचे मार्क कापतात. दोन आणि चार यांत दोनच बोटांचं अंतर. त्यांना कळलंही नसतं. निरीक्षक बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"पुन्हा वाच," ताई म्हणाल्या. वाचलं. पुढील पर्याय, पुढील पर्याय. त्यांचा अंगठा काठीच्या मुठीवर फिरत होता. मला वाटलं, आता बदलतील. मनातल्या मनात दोन, दोन म्हणत होतो.

"चार. राहू दे," त्या म्हणाल्या.

भरलं. चार. त्यानंतरचे प्रश्न कसे वाचले ते आठवत नाही.

बाहेर काका फाटकाशी होते. कसा गेला म्हणून विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली. रिक्षात ताई मधे, मी या बाजूला. बऱ्याच वेळाने ताई म्हणाल्या,

"मोबाइलच्या प्रश्नाला तू श्वास घेतलास."

मी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"मी चार म्हटल्यावर घेतलास. वाचताना नाही. वाचताना तू अगदी बस होतास."

"चुकून झालं, ताई."

"माहीत आहे. मग मी दोनाचा विचार केला. नवीन कलम आहे, विचारणाऱ्यालाही तेच हवं असेल, असं वाटायला लागलं. पण ते मला वाटत नव्हतं, तुझ्या श्वासावरून वाटत होतं. म्हणून चारच ठेवलं." थोडं थांबून म्हणाल्या, "चुकलं असेल तर चुकलं. माझं चुकलं."

काका रस्त्याकडे बघत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता, मी पाहिला.

मला वाटतं एका श्वासाने मी त्यांचा एक प्रश्न घालवला असता किंवा वाचवला असता, आणि दोन्हीत त्यांचं नुकसानच होतं. हे नीट लिहिता येत नाही. उद्या बघतो.

२७ मार्च

उत्तरतालिका आली. काकांनी फोन करून बोलावलं. ताईंचा फोन ती वाचू शकतो, पण ताई म्हणाल्या, अवधूतच वाचेल, बसच्या आवाजात. एकेक वाचत गेलो. त्या प्रश्नाशी आलो आणि माझा बसचा आवाज पहिल्यांदाच फुटला.

"चार."

मग मी म्हटलं, तालिका चुकली असेल, हरकत घेता येते. काकांनी कपाट उघडलं, माझं पुस्तक काढलं आणि समोर ठेवलं. दुमडलेलं पान उघडलं. तीनशे आठ, बलाद्ग्रहण. त्याच्या पुढचं मी कधी वाचलंच नव्हतं. तीनशे नऊ. चोरी करताना, किंवा चोरीचा माल घेऊन जाताना कोणी मुद्दाम दुखापत केली, तर ती जबरी चोरी. हिसकावणं तिथेच संपतं.

गाडीतळावर त्या बाई रस्त्यात का बसल्या होत्या ते आज कळलं. त्यांनी शर्ट धरला आणि त्याने काय केलं, हे लोक सांगत होते. मी बोकड बघत होतो.

"म्हणजे माझ्या श्वासावर तुम्ही दोन म्हटलं असतं तर..." मी म्हटलं.

"तर तुझ्या चुकीवर माझी परीक्षा गेली असती," ताई म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की काठी खाली पडली. काका म्हणाले, "शिक्षण कमी असावे, हे आम्ही पाटीवर लिहिलंच होतं. तुम्ही मधेच वाढवायला गेलात."

जाताना काकांनी पुस्तक परत दिलं. म्हणाले, आता पुढचं वाचा. पण पूर्ण वाचा.

२ जून

यादीत ताईंचं नाव आहे. शेवटून मोजलं तर लवकर सापडतं, पण आहे. मुलाखत पुण्यातच होणार आहे. त्या साहेबांनी म्हणे अभिनंदन केलं आणि लगेच एका प्रकरणाचे मुद्दे मागितले. ताईंनी दिले. मी विचारलं, का दिले? म्हणाल्या, "शेवटचे आहेत म्हणून नीट दिले."

मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुझं काय? तुला कुणी पास केलं का?" म्हटलं, मी परीक्षेलाच नव्हतो. "बसला हुतास की दोन तास," ती म्हणाली. खरंच, एवढा वेळ एका जागी मी कधी बसलो नव्हतो. एफवायला पुन्हा नाव घालता येतं का, त्याची चौकशी करणार आहे. चौकशीसाठी म्हणून जायचं नाही, घालायचं असल्यासच जायचं.

२२ जून

आज ताईंची मुलाखत. त्यात लेखनिक लागत नाही. काका खाली थांबले, दारापर्यंत मी घेऊन गेलो. शिपाई म्हणाला, तुम्ही इथेच थांबा. ताईंनी माझ्या हातावरचा हात काढला, काठी पुढे टाकली आणि आत गेल्या. दार बंद झालं.

व्हरांड्यात बाक होतं. समोरच्या झाडावर दोन कावळे एका वायरच्या तुकड्यावरून भांडत होते, एरवी मी तेवढ्यात गेलो असतो. आज गेलो नाही. दाराकडे बघत बसलो.

दार उघडलं तेव्हा आतली खुर्ची दिसली. ती टेबलापासून लांब, मागे सरकवलेली होती. ताई उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज शेवटच्या शब्दावर होता. तो शब्द मला नीट ऐकू आला नाही. मग त्या बाहेर आल्या, माझ्या आवाजासाठी मान थोडी वळवली. मी म्हटलं, "ताई, इकडे." त्या म्हणाल्या, "चहा हवाय."

रिक्षात काकांनी तीन वेळा विचारलं, काय विचारलं, तू काय सांगितलंस. ताईंनी बाहेरच्या बाजूला तोंड केलं होतं. वाऱ्याने केस उडत होते, त्या आवरत नव्हत्या.

आत काय झालं ते मी पाहिलं नाही आणि ऐकलंही नाही. म्हणून ते लिहीत नाही. खुर्ची मागे सरकवलेली होती आणि ताई उभ्या होत्या, एवढं मी स्वतः पाहिलं.